स्वतःची गाडी नसताना खान्देश कसा पाहावा

डोंगर पाहायला जायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो, गाडी कोणाची न्यायची? घरी चारचाकी नसली किंवा भाड्याच्या गाडीचा आकडा परवडेनासा वाटला की बेत तिथेच बारगळतो. पावसाळा असाच निघून जातो आणि तोरणमाळ, पाटणादेवी, पाल ही नावे दुसऱ्यांच्या फोटोंत तेवढी दिसत राहतात. हे मला मनापासून खटकते. रेल्वे आणि एसटीच्या बाबतीत आपण धुळे-जळगावकर नशीबवान आहोत. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग आणि सुरतेहून तापी खोऱ्यातून येणारा मार्ग जळगावला एकत्र येतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. बहुतेक तालुक्यांना एसटीचे स्वतःचे आगार आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे शेवटचे फाटे आणि मधून तापी. यातले बहुतेक सारे साधे तिकीट काढून पाहता येते.

युरोपात फिरून आलेली मंडळी स्वित्झर्लंडच्या रेल्वेचे भरभरून कौतुक करतात. ते योग्यच आहे, पण त्यात बर्फ आणि मोठमोठ्या काचांचे डबे यांचीच वर्णने जास्त असतात. तिथली खरी करामत वेळापत्रकात आहे. १९८२ मध्ये त्या देशाने ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक देशभर लागू केले. आगगाडी स्टेशनात आली की डोंगरातल्या गावाला जाणारी पिवळी बस बाहेर उभीच असते. तिथे प्रवाशाला जोडगाडी शोधत बसावे लागत नाही, आपल्याकडे शोधावी लागते. ती कशी शोधायची, हे कळले की निम्मे काम झाले.

पहिली गोष्ट, परतीची गाडी आधी ठरवा आणि जाण्याची नंतर. स्टँडवरच्या चौकशी खिडकीशी ‘गाडी किती वाजता आहे?’ एवढेच विचारून लोक मागे फिरतात. त्याच्यापुढचे विचारायला हवे. गाडी वर पोहोचली की लगेच परत फिरते, की मुक्कामी आहे? खाली यायला शेवटची गाडी कोणती? डोंगरातल्या गावांच्या फेऱ्या सहलीला येणाऱ्यांसाठी आखलेल्या नसतात. त्या बाजारहाट, शाळा, कचेरी आणि दवाखान्यासाठी असतात. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून निघालेली गाडी रात्री गावात मुक्काम करते आणि भल्या पहाटे गावकऱ्यांना घेऊन खाली उतरते. एका दिवसात जाऊन येणाऱ्याला ही गाडी उलट्या वेळेची पडते. पण सकाळच्या फेरीने वर जाऊन रात्री तिथेच राहायचे असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच सर्वांत भरवशाची.

रविवारचा घोळ वेगळाच. ग्रामीण भागातल्या पुष्कळ फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात आणि मानव विकासच्या निळ्या गाड्या तर विद्यार्थिनींसाठीच सुरू झाल्या. सुट्टीच्या दिवशी यातल्या कित्येक फेऱ्या होत नाहीत आणि आपण नेमके रविवारी निघतो. शक्य असेल तर शनिवार किंवा आठवड्यातला मधला वार निवडा. आषाढीच्या आसपास बऱ्याच गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात, तेव्हाही आधी खात्री करून घ्या. मोबाइलवर लांब पल्ल्याच्या गाड्या सापडतात, पण खेड्यांच्या फेऱ्यांची खरी माहिती त्या मार्गावर रोज जाणारा कंडक्टरच देतो. फलाटावर चहा पीत उभ्या असलेल्या कंडक्टरला ‘का भो, संध्याकाळची शेवटची कोणती?’ असे विचारायला संकोच नको.

आता रेल्वे. खान्देशातला सर्वांत पाहण्याजोगा मार्ग माझ्या मते जळगाव ते नवापूर. एकोणिसावे शतक संपता संपता ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेहून तो पूर्वेकडे टाकत आणला. आता दुहेरीकरण झाल्यामुळे क्रॉसिंगसाठी तासन् तास उभे राहण्याचा जुना वैताग पुष्कळ कमी झाला आहे. या मार्गावर एक्स्प्रेस गाड्या बऱ्याच आहेत, पण पाहायला निघालेल्या माणसाने सकाळची पॅसेंजर किंवा मेमू पकडावी. स्वित्झर्लंडमधली ग्लेशियर एक्स्प्रेस झेरमाट ते सेंट मॉरित्झ हा तीनशे किलोमीटरच्या आतला पल्ला सुमारे आठ तासांत कापते आणि लोक त्या संथपणासाठी जादा पैसे मोजतात. आपल्याकडे तो संथपणा सर्वांत स्वस्त तिकिटात मिळतो.

जळगावहून पश्चिमेला जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा अशी स्टेशने येत जातात. काळ्या मातीतला कापूस, मधूनच पपई आणि मिरचीची शेते. पाऊस पडून आभाळ स्वच्छ झाले असेल तर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत राहते. वाटेत एखादे गाव पाहायचे असेल तर अमळनेरला उतरावे. साने गुरुजी शिक्षक होते ते हेच गाव. १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर इथलेच, आणि २०२४ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच भरले. सकाळच्या गाडीने उतरून दुपारच्या गाडीने पुढे निघता येते. धरणगाव हे बालकवी ठोंबरे यांचे जन्मगाव. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा त्यांची तिशीही झाली नव्हती. भादली जळगाव आणि भुसावळच्या मध्ये आहे. त्या मार्गाने जाल तेव्हा गाडी तिथून जाताना जरूर बाहेर पाहा.

नंदुरबार सुटले की मुलूख बदलतो. सपाट रान संपते. खांडबारा, चिंचपाडा या पट्ट्यात टेकड्या रुळांजवळ येतात, सागाचे रान आणि भाताची खाचरे दिसू लागतात. जुलै ते सप्टेंबर या दिवसांत हा तासाभराचा प्रवास कोकणच्या तोडीचा आहे, आणि आपल्याच लोकांना तो ठाऊक नाही याचे वाईट वाटते. नवापूर स्टेशन दोन राज्यांच्या हद्दीवर आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तर गुजरातेत! फलाटावर एक बाक आहे, त्याच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्र आणि अर्ध्यावर गुजरात असे लिहिलेले आहे. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. मुलांना घेऊन गेलात तर ती या बाकावरून उठायला तयार होणार नाहीत, म्हणून हाताशी वेळ ठेवा.

इथून आल्या वाटेने परत फिरू नका. नवापूरहून सुरत-धुळे महामार्गावरच्या एसटीने विसरवाडीमार्गे कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीला आणि तिथून धुळ्याला या. महामार्ग असल्याने गाड्या बऱ्यापैकी मिळतात. धुळेकरांनी सकाळी एसटीने नरडाणा किंवा दोंडाईचा गाठावे, तिथून रेल्वेने नवापूर, आणि परतीला हा घाट. एका दिवसात रेल्वे, घाट आणि राज्याची सीमा पाहून होते आणि रात्रीचे जेवण घरी होते. एकच जपा, हा घाट उजेडात पार करायचा, म्हणजे दुपार कलायच्या आत नवापूर सोडायचे.

धुळ्याचा स्वतःचा लोहमार्ग म्हणजे चाळीसगाव-धुळे. १९०० साली सुरू झालेला हा जेमतेम ५६ किलोमीटरचा फाटा. जामद्याजवळ गिरणा ओलांडल्यावर राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर अशी छोटी स्टेशने येतात. मुंबईसाठी धुळ्याहून थेट गाडी झाल्यापासून त्याचे महत्त्व वाढले आहे. बोरविहीर-नरडाणा नवा मार्ग आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्ग पूर्ण झाले की धुळे पहिल्यांदाच चारी दिशांना रेल्वेने जोडले जाईल. तोवर या फाट्याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे पाटणादेवी.

पाटणादेवी चाळीसगावहून १८ किलोमीटरवर, अगदी डोंगराच्या कुशीत आहे. गौताळा औट्रामघाट अभयारण्याचा हा उत्तरेकडचा भाग. यादवकाळातले चंडिकादेवीचे मंदिर, मागे उभा कडा, पावसाळ्यात केदारकुंडाचा धबधबा. थोर गणिती भास्कराचार्यांचे नाव या परिसराशी जोडलेले आहे. त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला, त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणित शिकणारी मुले घरात असतील तर त्यांना इथे आणायलाच हवे. चाळीसगाव स्टँडवरून थेट फेऱ्या मोजक्याच आहेत. गाडी चुकली तर चार-पाच जणांनी मिळून रिक्षा करावी, पण परतीचेही त्याच रिक्षावाल्याशी ठरवून त्याचा नंबर घ्यावा. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा. पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाणारी रानवाट माहितगार माणूस बरोबर असल्याशिवाय धरू नका. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस याच डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात पूर आला. धो धो पाऊस चालू असेल त्या दिवशी घरी थांबावे.

अजिंठा हे जळगावकरांच्या अंगणातले जागतिक वारशाचे ठिकाण. तरी दहावीच्या सहलीनंतर तिथे पाऊल न ठेवलेली माणसे शेकड्याने भेटतात. जळगावहून साधारण ६० किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी कोणतीही साधी गाडी नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला येते. तिकीट ‘अजिंठा लेणी, टी पॉइंट’ असे सांगून काढा, नुसते अजिंठा म्हणालात तर घाट चढून वर अजिंठा गावात जाऊन पोहोचाल. टी पॉइंटपासून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्याच गाड्या नेतात, खासगी वाहनांना पुढे सोडत नाहीत. म्हणजे इथे मोटारवाला आणि एसटीवाला एकाच रांगेत. सोमवारी लेणी बंद असतात.

सकाळी लवकर पोहोचलात तर सगळे जिकडे गर्दी करतात त्या पहिल्या लेण्याकडे न थांबता सरळ २६ व्या लेण्यापर्यंत चालत जा आणि तिथून मागे पाहत या. महापरिनिर्वाणाची ती प्रचंड मूर्ती शांतपणे बघायला मिळते. १९, १७, १६ करत पद्मपाणीपाशी याल तोवर पहिली गर्दी ओसरलेली असते. खालून वाहणारी नदी वाघूर. पुढे धरणात अडवलेले याच नदीचे पाणी जळगावकरांच्या नळाला येते. पावसाळ्यात लेण्यांच्या टोकाला ती कड्यावरून कोसळताना दिसते. परतीला टी पॉइंटवर जळगावची गाडी हात दाखवून थांबवावी लागते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर फर्दापूर गावातल्या थांब्यावर जाऊन बसणे बरे, तिथे सावली आणि चहा दोन्ही मिळते.

पाचोरा-जामनेर ही आपली लाडकी पीजे याच भागातून, शेंदुर्णी आणि पहूरवरून जायची. अरुंद रुळांवरची ती छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. आता तिथे रुंद मार्ग होऊन तो पुढे बोदवडला जोडायचा आहे. ते झाले की अजिंठ्यासाठी पहूरपर्यंत रेल्वेने जाता येईल.

भुसावळकडून सातपुडा गाठायचा असेल तर खंडव्याकडे जाणारी गाडी धरा. भुसावळ सुटताच तापीचा पूल लागतो, त्यानंतर सावदा, निंभोरा, रावेर ही केळीची राजधानी. दोन्ही बाजूंना बागा, आणि डावीकडे सातपुडा इतका जवळ की त्याच्या घळी मोजता येतात. रावेरला उतरून एसटीने पाल. यावल अभयारण्यातले हे गाव थंड हवेचे म्हणून प्रसिद्ध आहे. सुकी नदीवरचे गारबर्डी धरण भरून वाहते तेव्हा तिथे झुंबड उडते. मला स्वतःला पाल डिसेंबरात आवडते. गर्दी नसते, रान अजून वाळलेले नसते, आणि खाली परतल्यावर भरिताचे दिवस असतात.

सर्वांत मोठा प्रवास तोरणमाळचा, आणि तो एका दिवसात उरकू नका. सुमारे ११५० मीटर उंचीवरचे हे पठार नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात आहे. जळगावकरांनी रेल्वेने नंदुरबारला उतरून प्रकाशामार्गे शहादा गाठावे, किंवा दोंडाईचाला उतरून सारंगखेड्याच्या पुलावरून. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. तेव्हा निघालात तर एक दिवस तिथे काढावा, मात्र पुलावरची कोंडी धरून हिशेब करावा. धुळ्याहून शहाद्याला थेट गाड्या आहेत. तोरणमाळसाठी शहादा हेच मुख्य ठाणे. वर जाणाऱ्या फेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून आदल्या रात्री शहाद्यात मुक्काम करून सकाळची पहिली पकडणे हाच चांगला मार्ग.

म्हसावद, राणीपूर सोडले की चढ सुरू होतो. इथे खिडकीची जागा मिळवाच. सातपायरीचा घाट म्हणजे एकावर एक रचलेली वळणे. गाडी पहिल्या गियरमध्ये गुरगुरत चढते, प्रत्येक वळणाआधी ड्रायव्हर लांब हॉर्न देतो, आणि वरून बघावे तर आपण आत्ताच सोडलेला रस्ता पायाखाली वेटोळे घालून पडलेला. गाडीत निम्मी माणसे बाजार करून परतणारी. त्यांचे तेलाचे डबे, पोती, कोंबड्या यांच्यासाठी पाय आखडून घ्यायची तयारी ठेवा आणि उतरणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे ओझे खाली द्यायला उठा. ही गाडी आधी त्यांची आहे.

वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचे मंदिर. सगळे पायी फिरण्यासारखे. राहण्याची जागा निघण्याआधीच पक्की करा, रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नका. महाशिवरात्रीच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात पण गर्दीही तेवढीच असते. शांतपणे डोंगर पाहायचा असेल तर ते दिवस टाळा. मेच्या उन्हाळ्यात खाली जळगाव-भुसावळ ४५ अंशांच्या घरात असताना वर हवा सुखद असली, तरी शहाद्यापर्यंतचा प्रवास जीव काढतो. ऑगस्टचा शेवट ते जानेवारी हा काळ चांगला.

पैशांचे थोडे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. त्यासाठी आधारकार्ड किंवा मान्य ओळखपत्र जवळ हवे. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा सुरतेचे तिकीट काढाल तर हद्दीपुढचे भाडे पूर्ण पडते. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली आहे. एसटीची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही चार किंवा सात दिवसांच्या पासाची जुनी योजना फार थोड्यांना ठाऊक आहे. पास आगारात मिळतो. पण आधी हिशेब करा. अर्धे तिकीट लागणाऱ्या महिलेला चार दिवस केवळ खान्देशात फिरायचे असेल तर पास बहुधा महाग पडेल. पुरुषाला धुळे, नाशिक, संभाजीनगर असा लांबचा फेरा मारायचा असेल तर तो फायद्याचा.

पिशवी एकच घ्या, पाठीवरची. पाण्याची मोठी बाटली, पातळ चादर, घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा. हिवाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पानावर भरीत मिळाले तर शिदोरी तशीच परत आणा. स्टँडजवळच्या खानावळीतली शेवभाजी तिखट असते. घाटाच्या प्रवासाआधी लहान मुलांना ती देऊ नका.

आणि एक काम परत आल्यावर करा. आगगाडी येण्याच्या दहा मिनिटे आधी एसटी सुटून गेलेली असते, हा अनुभव तुम्हालाही कुठेतरी येईल. तो घरी येऊन नुसता सांगू नका. स्टेशन, गाडी, वार आणि वेळ लिहून त्या आगाराच्या व्यवस्थापकाला साध्या कागदावर अर्ज द्या, फेरी किती मिनिटे पुढे ढकलली तर रेल्वेचे प्रवासी मिळतील ते लिहा, आणि पोच घ्या. गावातल्या शिक्षकांच्या, दुकानदारांच्या, रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्यात तर अर्जाला वजन येते. नवे वेळापत्रक लागायच्या आधी तो पोहोचला पाहिजे, म्हणून रेल्वेच्या वेळा बदलल्याचे कळले की त्याच आठवड्यात द्या.